बालसैनिक हवा, चौदा वर्षांच्या आतला

८ मार्चला युगांडात महिला दिनाची सार्वजनिक सुट्टी असते. २०१२ साली तो गुरुवार होता. उत्तर युगांडातल्या गुलू शहरातलं आमचं ऑफिस बंद होतं, पण घरी वीज नव्हती आणि ऑफिसात जनरेटर होता, म्हणून तिमाही अहवाल संपवायला मी सकाळीच तिथे जाऊन बसले. मेल उघडला तर युरोपातल्या मुख्यालयाच्या निधीसंकलन विभागाचे एकामागून एक निरोप, सगळे 'अति तातडीचे'. मागणी सरळ होती. एलआरए या बंडखोर टोळीच्या तावडीतून सुटलेला एक बालसैनिक हवा. शक्यतो मुलगा, वय दहा ते चौदा, कॅमेऱ्यात रोखून पाहणारा. सोबत त्याच्या तोंडची चार वाक्यं. हे सगळं संध्याकाळच्या आत.

माझं काम होतं परत आलेल्यांच्या केसेस सांभाळण्याचं. कुणाला शिवणकामाच्या वर्गात घालायचं, कुणाच्या मांडीत राहिलेला छरा काढायला चिठ्ठी द्यायची, कुणाच्या सासरी जाऊन 'ही बाई रानात होती म्हणून तिला हाकलू नका' असं सांगायला वडीलधारी माणसं पाठवायची. फोटो पुरवणं त्यात बसत नव्हतं. पण छोट्या संस्थेत तुमच्या पदाचं नाव काहीही असो, सुट्टीच्या दिवशी जो ऑफिसात सापडतो त्याच्या गळ्यात काम पडतं.

मी माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन केला. ते अचोली, म्हणजे त्याच भागातल्या जमातीचे. सगळे त्यांना 'लादित' म्हणायचे, तिकडे वडीलधाऱ्या माणसाला असंच म्हणतात. या कामात त्यांचे केस पांढरे झाले होते. ते आले, मेल वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "चौदा वर्षांचा मुलगा? म्हणजे एलआरए इथून गेली तेव्हा हा आठ वर्षांचा. आठव्या वर्षी पळवला, लगेच सुटला, आणि अजून लहानच राहिला. असा कुठून आणू?"

इथे थोडा हिशेब सांगायला हवा. जोसेफ कोनीच्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीने, म्हणजे एलआरएने, उत्तर युगांडात जवळजवळ वीस वर्षं धुमाकूळ घातला, हजारो मुलं पळवली. पण २००६ मध्ये जुबाला, म्हणजे आताच्या दक्षिण सुदानच्या राजधानीत, शांततेची बोलणी सुरू झाली, तोवर ही टोळी सीमेपलीकडे काँगोच्या गरांबाच्या जंगलात सरकली होती. २०१२ मध्ये ती काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि दक्षिण सुदानच्या बेचक्यात होती आणि तिच्याकडे हत्यारबंद माणसं उरली होती फार तर काहीशे. गुलूत तेव्हा बँका निघत होत्या, घरं बांधली जात होती, जुबाकडे जाणाऱ्या ट्रकांनी रस्ते भरलेले असत. आमच्या कपाटातल्या फायलींमध्ये 'पळवून नेला तेव्हाचं वय' या रकान्यात नऊ, अकरा, तेरा असे आकडे होते. ती माणसं आता पंचविशी-तिशीत होती, त्यांना स्वतःची पोरं होती.

मग मुख्यालयाला अचानक हे का आठवलं? कारण सोमवारी, ५ मार्चला, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या इनव्हिजिबल चिल्ड्रन या संस्थेने 'कोनी २०१२' नावाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होता आणि जग त्यावर तुटून पडलं होतं. सहा दिवसांत तो दहा कोटी वेळा पाहिला गेला. आमच्या मुख्यालयाला ही लाट ओसरायच्या आत तिच्यावर स्वार व्हायचं होतं. मेलमध्ये शब्दही तेच होते: 'लोकांचं लक्ष आत्ता आहे.'

गुलूच्या इंटरनेटवर तो व्हिडिओ उतरायला दुपार झाली. मधल्या वेळात लादितांनी फायली काढून टेबलावर रचल्या, नुसता मला दिलासा म्हणून. बाराच्या सुमारास आमचा एक बोडावाला आला. बोडा म्हणजे मोटारसायकल-टॅक्सी. त्या धंद्याला सुट्टी नसते. हा माझ्या केसेसपैकीच. १९९७ मध्ये अकराव्या वर्षी त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला एकाच रात्री घरातून नेलं. सात वर्षांनी हा एकटा परतला. परतलेल्या बंडखोरांसाठीच्या माफीच्या कायद्याखाली प्रमाणपत्र मिळालं, गादी, भांडी, कुदळ, बियाणं आणि थोडे पैसे मिळाले. पुढे सरकारने खेड्यांतल्या लोकांना ज्यांत ठेवलं होतं त्या छावण्या मोडल्या, लोक गावी परतले, तेव्हा चुलत्याने सांगून टाकलं की तुझ्या बापाची जमीन आता आम्ही कसतो, तू शहरातच राहा. त्या दिवशी तो आला होता स्थानिक परिषदेच्या अध्यक्षाला द्यायच्या पत्रावर माझी सही घ्यायला.

व्हिडिओ सुरू झाला तेव्हा तोही आमच्या मागे उभा राहिला. पडद्यावर दिग्दर्शक आपल्या गोऱ्या, गोंडस, चार-पाच वर्षांच्या मुलाला कोनीचा फोटो दाखवून हा दुष्ट माणूस असं समजावत होता. बोडावाल्याने विचारलं, "हा मुलगा कोण? याला पण नेलं होतं का?" लादित म्हणाले, "नाही रे. हा त्यांचाच." मग गुलूचा बस-पार्क दिसला, ओटीवर एकमेकांना चिकटून झोपलेली मुलं दिसली. ते खरंच घडलेलं होतं. पळवून नेतील या भीतीने हजारो मुलं रोज संध्याकाळी खेड्यांतून चालत शहरात येऊन झोपायची. लादितांची दोन्ही मुलं त्यांत होती. पण ते चित्रण २००३ सालचं. भावाच्या आठवणीने ढसाढसा रडणारा जो मुलगा त्यात दिसतो तोही २००३ चा. युगांडातून टोळी केव्हाच गेली हे व्हिडिओत सांगितलंय, नाही असं नाही. पण ते इतक्या घाईत की पापणी लवली तर निसटावं.

पुढे पोस्टर, हातात बांधायच्या पट्ट्या, तीस डॉलरचं किट, २० एप्रिलच्या रात्री जगभरातल्या भिंती कोनीच्या नावाने रंगवायचं आवाहन. आणि खरी मागणी शेवटी: अमेरिकेने पाठवलेले शंभर लष्करी सल्लागार परत बोलावू नयेत, युगांडाच्या सैन्याच्या मदतीने या माणसाला पकडावं.

बोडावाला इतका वेळ गप्प होता. आता म्हणाला, "मॅडम, पकडायला जातील तेव्हा आधी गोळ्या कुणाला लागतील?"

त्याच्या भावाला गरांबात जिवंत पाहिल्याचं २००८ मध्ये परतलेल्या एका बाईने सांगितलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात युगांडाच्या सैन्याने अमेरिकेच्या मदतीने गरांबातल्या तळांवर हवाई हल्ला केला. कोनी निसटला. त्यानंतरच्या आठवड्यांत, नाताळाच्या सणात, त्याच्या टोळ्यांनी काँगोच्या खेड्यांत सूड म्हणून आठशेच्या वर माणसं मारली. त्या तळांवर कोण होतं? बायका, बाळं, आणि पळवून आणून बंदूक हातात दिलेली पोरं. कोनीभोवतीचं कडं म्हणजे हीच माणसं. ज्या मुलासाठी कोट्यवधी लोक हळहळत होते आणि ज्या बंडखोराला टिपा असं ते म्हणत होते, ती बरेचदा एकच व्यक्ती होती. मधे फक्त काही वर्षं गेली होती.

हे मी बसल्या जागी सुचलेलं तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. डॉमिनिक ओंग्वेनला साधारण नवव्या वर्षी शाळेच्या वाटेवर पळवलं होतं. त्या २०१२ च्या मार्चमध्ये तो 'पकडायच्या' यादीतला सेनापती होता. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट त्याच्यावर २००५ पासून होतं. २०१५ मध्ये तो शरण आला. २०२१ मध्ये हेगच्या न्यायाधीशांनी त्याला ६१ गुन्ह्यांत दोषी धरलं आणि जन्मठेप न देता २५ वर्षांची शिक्षा दिली, कारण त्याचं स्वतःचं बालपण. त्याने लुकोडीसारख्या गावांत जे करवलं ते भयंकर होतं, लुकोडीची माणसं आमच्याकडे यायची, मला त्याची दया येत नाही. पण नवव्या वर्षीचा ओंग्वेन कोणत्याही पोस्टरवर चालला असता, हेही खरं.

त्या व्हिडिओवर पुढे टीका झाली ती बहुतेक पैशांवरून. संस्था एक तृतीयांशच रक्कम प्रत्यक्ष कार्यक्रमांवर खर्च करते, बाकी प्रवास, पगार, चित्रपट. मला हा वाद कधीच फार पटला नाही. त्या संस्थेने गुलूत शाळांच्या शिष्यवृत्त्या दिल्या होत्या, काँगोत हल्ल्याची खबर देणारी रेडिओ-यंत्रणा उभारली होती; दोन्ही कामं उपयोगाची. आमच्या संस्थेचा प्रशासकीय खर्च तरी कुठे कमी होता! टक्केवारी मोजणं सोपं असतं, म्हणून लोक ती मोजतात. माझी तक्रार वेगळी आहे. त्या अर्ध्या तासात सरकारने लोकांना ज्या छावण्यांत कोंबलं होतं त्या जवळजवळ नाहीतच. २००५ मध्ये युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटनेसोबत केलेल्या पाहणीत अचोली भागात दर आठवड्याला सुमारे एक हजार जादा मृत्यू होत होते, आणि त्यांतले बहुतेक बंदुकीने नव्हे तर मलेरियाने आणि तशाच आजारांनी. एका खलनायकाच्या गोष्टीत मलेरिया कुठे बसवणार? आणि ज्या सैन्याकडे त्या खलनायकाला पकडायचं काम द्यायचं, त्याच सैन्याने त्या छावण्यांभोवती काय काय केलं, हे तर अजिबातच बसत नाही.

असो. संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं ते आम्ही दिलं. बोडावाल्याला विचारून, नाव-चेहरा न देता, त्याच्या जमिनीच्या तंट्याची दोन परिच्छेदांची हकीकत लिहिली. खाली लादितांनी सांगितलं म्हणून हेही लिहिलं, की बालसैनिकांबाबतच्या २००७ च्या पॅरिस तत्त्वांप्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करायची नसते आणि ती तत्त्वं आपल्याच संस्थेच्या धोरणात आहेत. तासाभरात उत्तर आलं. आभार मानले होते. मजकूर 'जरा गुंतागुंतीचा' होता. आवाहन आजच जाणार असल्यामुळे ते संग्रहातला फोटो वापरत आहेत.

रात्री आवाहनाचं वेबपान लागलं ते मी लादितांच्या शेजारी बसूनच उघडलं. लांब मान, मुंडण केलेलं डोकं, ढगळ शर्ट, कॅमेऱ्यात रोखलेले डोळे. वर मोठ्या अक्षरांत: 'आज त्याला तुमची गरज आहे.' लादित पडद्याच्या अगदी जवळ गेले. "हा तर आपल्या पुनर्वसन केंद्रातला," म्हणाले. "२००४. मीच याला जेवायला वाढायचो. आता जुबा रोडला गवंडीकाम करतो. लग्न झालंय."

मी त्याच रात्री मेल केला, जरा तिखटच. तो फोटो पानावरून हटायला सोमवार उजाडला.

मंगळवारी, १३ मार्चला, उत्तर युगांडातल्याच लिरा शहरात एका स्थानिक संस्थेने तो व्हिडिओ मैदानात मोठ्या पडद्यावर दाखवला. हजारो लोक आले होते, त्यांत हात-ओठ गमावलेलेही. आपली गोष्ट पाहायला मिळणार म्हणून आलेल्यांना दिसले परके चेहरे आणि कोनीच्या नावाचे टी-शर्ट. लोक चिडले, दगड आले, खेळ गुंडाळावा लागला. गुलूच्या बोडा-स्टँडवर दुसऱ्या दिवशी तोच विषय होता. २० एप्रिलची भिंती रंगवायची रात्र तर बहुतेक ठिकाणी आली-गेली कळलंही नाही. अमेरिकी आणि युगांडाच्या सैन्याने २०१७ मध्ये शोधमोहीम आवरली. २०२५ च्या सप्टेंबरात हेगला कोनीच्या गैरहजेरीतच त्याच्यावरच्या आरोपांची सुनावणी झाली.

पण मला सांगायचंय ते त्या गवंड्याबद्दल. फोटो हटवल्यावर लादित म्हणाले, त्याला सांगायला हवं, उद्या दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. आम्ही जुबा रोडला गेलो. तो परातीत सिमेंट कालवत होता. मी सगळं सांगितलं, छापून आणलेलं पान दाखवलं. तो संतापेल अशी माझी समजूत होती. त्याने पान निरखून पाहिलं, शर्ट ओळखला, म्हणाला तो शर्ट दुसऱ्याच मुलाचा होता, फोटोपुरता दिलेला. मग विचारलं, "पैसे किती आले?"

मला माहीत नव्हतं. तिथूनच मुख्यालयाला फोन लावला. उत्तर असं की एका छायाचित्रामागे किती देणगी आली हे वेगळं काढता येत नाही, आणि छायाचित्राचा मोबदला देणं धोरणात बसत नाही. लादितांनी ते अचोलीत सांगितलं.

त्याने मान डोलावली. खोऱ्याने सिमेंट दोनदा उलथलं. "माझा धाकटा भाऊ आता त्या फोटोतल्या माझ्याएवढा आहे," तो म्हणाला. "त्याला कुणी पळवलं नाही, पण दिसतो तस्साच. पुढच्या वेळी त्यांना लागला तर सांगा, उभा करतो. फक्त शाळेची फी आधी."

लादित मोठ्याने हसले, तोही हसला. मी फीचा आकडा वहीत लिहून घेतला. परत येताना लादितांनी विचारलं, ही कोणत्या खात्यात दाखवणार. मी म्हटलं, संपर्क आणि प्रसिद्धी.