मुंग्या थांबल्या! ३०६० ची अपडेट

मागच्या वेळचे स्क्रीनशॉट आठवत असतील. 'सायबरपंक २०७७' हा गेम, त्यातलं मुख्य पात्र व्ही याची एच-१० इमारतीतली खोली, रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावली ठरवणं) लाइटिंग 'सायको' या वरच्या पातळीवर, आणि सावलीतल्या भिंतीवर सतत वळवळणाऱ्या मुंग्या, म्हणजे बारीक ठिपके. दोष माझ्या एएमडीच्या ग्राफिक्स कार्डाचा, आरएक्स ६६०० चा, असं मी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० आणलं, १२ जीबीवालं. दुकानदाराने न सांगता अर्धा तास लोड देऊन तापमान दाखवलं. जुनं कार्ड घ्यायचं तर असंच दुकान गाठा.

घरी येऊन कार्ड बसवलं, तीच सेव्ह उघडली, तर मुंग्या जिथल्या तिथे!

तीन रात्री त्यातच गेल्या. डीडीयू या टूलने जुना ड्रायव्हर साफ केला, फिल्म ग्रेन (चित्रावर मुद्दाम टाकलेले दाणे) बंद केलं, गेम पुन्हा टाकला. काल मेनू ओळीने वाचत बसलो तेव्हा सापडलं: अपस्केलर (लहान चित्र काढून ते मोठं करणारा) अजून एएमडीच्या एफएसआरच्या परफॉर्मन्स मोडवर, जुन्या कार्डाच्या वेळचा. १०८०पी ला परफॉर्मन्स म्हणजे आतलं चित्र ९६०×५४० चं. किरण पिक्सेलमागे सुटतात. पिक्सेल पाव, तर किरणही पाव. उरलेलं डीनॉइझर, म्हणजे ठिपके पुसणारा फिल्टर, अंदाजाने भरतो आणि तो अंदाज दर फ्रेमला हलतो. त्याच या मुंग्या.

एनव्हिडियाचा अपस्केलर डीएलएसएस क्वालिटी मोडवर लावला, म्हणजे १२८०×७२०. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. मग रे रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे एनव्हिडियाचा एआयवाला डीनॉइझर, चालू केलं आणि भिंत शांत! दिव्याचा उजेड कोपऱ्यापर्यंत विरत जाताना दिसला. पाच मिनिटं नुसता भिंतीकडे बघत होतो. चेहरे मात्र जरा मेणासारखे होतात, ते मला खटकतं.

हे लिहितानाच सुचलं म्हणून ६६०० परत लावलं. अपस्केलिंग बंद, कॅमेरा स्थिर. फ्रेम सेकंदाला दहाच्या आसपास, पण थोड्या वेळात तीच भिंत बरीचशी निवळली. म्हणजे उजेडाचं गणित दोन्हीकडे एकच, फरक वेगाचा. ६६०० च्या आरडीएनए २ रचनेत किरण त्रिकोणाला लागला का हे हार्डवेअर तपासतं, पण बीव्हीएचमधून (दृश्यातल्या त्रिकोणांची डब्यात डबे अशी मांडणी) वाट काढायचं काम शेडरवर, म्हणजे कार्डाच्या सर्वसाधारण कोअरवर, पडतं. ३०६० चे आरटी कोअर, म्हणजे किरणांसाठीचे खास कोअर, तेही उरकतात. मग ६६०० वर खेळण्याजोगे फ्रेम हवेत तर रिझोल्युशन उतरवा, आणि उजेड बिघडतो तो तिथे. शिवाय फ्रेम कमी असले की निऑन पाटी विझल्यावरही तिचा गुलाबी डाग भिंतीवर रेंगाळतो.

६६०० विकणार होतो, ते रद्द. पुढचा नंबर 'मेट्रो एक्सोडस' या गेमच्या एन्हान्स्ड एडिशनचा होता, पण नको, आधी 'क्वेक टू आरटीएक्स'. दोन्ही कार्डांवर चालतो आणि कन्सोलमधून डीनॉइझर बंद करता येतो. शनिवारी दोन्हीकडच्या कच्च्या मुंग्या शेजारी शेजारी टाकतो.