चढावर उभं राहताना

"अरे, मी ब्रेक लावलाच नव्हता!" आज सकाळी ग्रुपच्या सायकल राईडला बोपदेव घाटात मागच्याचं चाक घासलं, तेव्हा पुढचा पोरगा कळवळून सांगत होता. खरंच लावला नव्हता. तो फक्त सीटवरून उठून पेडलवर उभा राहिला होता.

उठताना पायाचा जोर क्षणभर सुटतो आणि मागच्याच्या हिशोबाने सायकल वीतभर मागे येते. तो चिकटून असेल तर चाकाला चाक घासतं. पडतो मात्र बहुतेक वेळा मागचाच, कारण त्याचं पुढचं चाक अडकतं आणि तोल त्याच चाकावर सांभाळला जातो.

म्हणून उठण्याआधी एक गिअर जड करायचा. पेडल खाली जात असतानाच त्यावर भार देत उठायचं, आणि "उभा राहतोय" असं मोठ्याने सांगायचं. मागच्याने आपलं चाक पुढच्याच्या चाकाशेजारी शिरू देऊ नये. घाटात अंतर खुशाल वाढवा; एवढ्या कमी वेगात वाऱ्यापासून पुढच्याच्या आडोशाचा फायदा तसाही फारसा मिळत नाही. आणि नजर टायरवर खिळवू नका, त्याच्या खांद्यापलीकडे रस्त्यावर ठेवा.

खड्डा हाताने दाखवायला आपण सगळ्यांना शिकवतो. मग हे नव्या मुलांना पहिल्याच राईडला का सांगत नाही?