स्क्रूने बसवलेला भाग 'कायमचा जोडलेला' म्हणावा का?

यांत्रिक जोडणीच्या पेटंटचे भवितव्य पुष्कळदा दाव्यातल्या, म्हणजे नेमके कशाला संरक्षण हवे ते सांगणाऱ्या पेटंटमधल्या कलमातल्या, एखाद्या साध्या शब्दावर ठरते. के-टू विरुद्ध सॅलोमन हा 1999 चा अमेरिकी निकाल मला या दृष्टीने सर्वांत बोधक वाटतो. के-टूच्या पेटंटमधल्या इनलाइन स्केटच्या दाव्यानुसार बुटाचा वरचा भाग चवड्याशी आणि टाचेशी तळाला 'पर्मनंटली अफिक्स्ड', म्हणजे कायमचा जोडलेला असून, त्यामुळे दोहोंमधली आडवी हालचाल बव्हंशी थांबली पाहिजे. सॅलोमनच्या स्केटमध्ये मात्र टाचेकडची जोडणी काढता येण्याजोग्या स्क्रूची होती. हालचाल थांबवण्याचे काम स्क्रूही करतोच, असा के-टूचा आग्रह होता. फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही. जोडणीने कोणते काम करावे ही दाव्यातली जादा अट आहे, तिच्यामुळे 'कायमचा' ही अट गळून पडत नाही, असे त्याने ठरवले.

मला हा निर्णय कारागिराच्या नजरेनेही बरोबर वाटतो. रिव्हेट, म्हणजे ठोकून कायमची बसवलेली खीळ, काढायचा तर त्याचे डोके छाटावे लागते किंवा ड्रिलने पोखरावे लागते. स्क्रूच्या डोक्याला मात्र खाच किंवा षट्कोनी आकार दिलेला असतो, तो पुन्हा फिरवता यावा म्हणूनच.

हा प्रश्न उल्लंघनापुरता नाही. नंतर आलेली जी वस्तू पेटंटचे उल्लंघन ठरते, तीच आधी अस्तित्वात असती तर तिने त्या पेटंटचे नावीन्य हिरावले असते, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1889 मध्ये पीटर्स विरुद्ध अ‍ॅक्टिव्ह मॅन्युफॅक्चरिंग या खटल्यात मांडले. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडण्यासाठी 'कायमचा' या शब्दात स्क्रू बसवला, की स्क्रूने जोडलेले सगळे जुने नमुने प्रायर आर्ट, म्हणजे आधीपासून ज्ञात असलेले तंत्र, म्हणून त्याच दाव्यासमोर उभे राहतात. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच ठेवावा लागतो.

उलट बाजूने, प्रायर आर्टशी जुळावा म्हणून शब्द वाटेल तितका ताणणेही गैर आहे. पीपीसी ब्रॉडबँड विरुद्ध कॉर्निंग या 2016 च्या प्रकरणात कोअ‍ॅक्शियल केबलच्या कनेक्टरमधला एक भाग कनेक्टरच्या मुख्य अंगाच्या 'अराउंड' असावा, असे दाव्यात होते. पेटंटांना दिलेली आव्हाने ऐकणाऱ्या अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या मंडळाने शब्दकोशातून 'जवळ' हा अर्थ घेतला. न्यायालयाने तो फेटाळला, कारण अशा कनेक्टरमध्ये बाहेरचा भाग आतल्या भागाला वेढतो आणि पेटंटचे वर्णन वाचताना 'वेढून असलेला' हाच अर्थ पटतो. शब्दकोशात अनेक अर्थ असले, तरी त्यांतला प्रत्येक अर्थ वर्णनाच्या प्रकाशात वाजवी ठरत नाही.

आपल्याकडे बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या मिर्झापूरच्या भांडी-उद्योगातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हाच क्रम सांगितला होता: आधी वर्णन वाचावे, मग दावे. लेथवर भांडे पकडून ठेवण्याच्या पद्धतीचे ते पेटंट, वर्णन आणि दावे एकत्र वाचल्यावर, जुन्या साधनातली केवळ कारखानी सुधारणा ठरले आणि रद्द झाले.

अमेरिकी मंडळानेही 13 नोव्हेंबर 2018 पासून आव्हान-अर्जांत न्यायालयांचीच अर्थनिश्चितीची कसोटी, म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला वर्णन वाचून कळेल तो अर्थ, स्वीकारली, हे मला योग्य वाटते. मूळ अर्जाच्या तपासणीत मात्र परीक्षक आजही शब्दाचा वाजवी तितका व्यापक अर्थ घेतात. म्हणून रिव्हेट, स्क्रू की वितळवून केलेला सांधा, यांपैकी काय अभिप्रेत आहे ते अर्जदाराने वर्णनातच स्पष्ट लिहावे.