शाळेतल्या मोबाईलची पेटी

खेड्यातल्या हायस्कूलमध्ये दप्तरात सापडणारा फोन पुष्कळदा पोराचा नसतोच. घरात स्मार्टफोन एकच. बँकेचा ओटीपी, रेशनची केवायसी, पीएम किसानचा मेसेज, सगळं त्याच्यावर. आईबाप वावरात, आणि फोन पोरीजवळ, कारण तिला एसटीनं यायचं-जायचं असतं. असा फोन जप्त करून आठवडाभर कपाटात ठेवला की शिक्षा अख्ख्या घराला होते. म्हणून सरसकट बंदीपेक्षा ‘सकाळी जमा, सुट्टीला परत’ हा नियम बरा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ साली १८ वर्षांखालच्या मुलांसाठी मोबाईलबंदीचा ठराव केला, त्याची देशभर बातमी झाली. ठराव व्हावेच. पण परिपाठाच्या आधी चाळीस फोन कुठं आणि कसे ठेवायचे, हे शाळेलाच बसवावं लागतं.

एका टेबलावर एकच सर रजिस्टर घेऊन बसले तर फोनमागे अर्धा मिनिट धरा, चाळीस फोनांना वीस मिनिटं गेली. त्यापेक्षा वर्गवार करा. गावच्या टेलरकडून जाड मांजरपाटाची, खणाखणांची पट्टी शिवून घ्या. खण साधारण वीस सेंटिमीटर खोल आणि दहा रुंद, म्हणजे कव्हरसकट फोन बसतो. खणावर पक्क्या शाईनं हजेरी क्रमांक टाकला की वेगळा बिल्ला लागत नाही. रजिस्टरमध्ये वर्षाच्या सुरुवातीला एकदाच कंपनी, मॉडेल, रंग आणि काच आधीच फुटलेली आहे का ते लिहून पालकाची सही घ्या. ‘सरांनी फोडला’ हे भांडण तिथंच संपतं. रोज फक्त टिक.

फोन बंद करूनच घ्यायचा, सायलेंटवर नाही. आणि बंद होताना स्क्रीन विझलेली वर्गशिक्षकाला दिसली पाहिजे. पोट्टे हुशार असतात: मेलेला डबडा फोन खणात टाकतात आणि चालता फोन खिशात ठेवतात.

या पट्ट्या दिवसभर ठेवायची पेटी लाकडी असावी, कुलूप एक, किल्ल्या दोन. लोखंडी पेटी टिनाच्या खोलीत ठेवू नका. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि उष्णतेनं बॅटरी फुगते. चार्जिंग तर पेटीत अजिबात नको.

खरा घोळ सुट्टीच्या वेळी होतो. शेवटची घंटा आणि एसटी यांत दहा मिनिटं असली, तर रांगेतल्या पोरींची गाडी चुकते. शेवटचा तास संपायच्या पाच मिनिटं आधी पट्टी वर्गात पोचवा, बाहेरगावच्या मुलांना आधी द्या. गाडी आलीच नाही तर त्यांना फोन तेव्हाच लागतो.

चोरून वापरताना सापडला तर? पहिल्या वेळी संध्याकाळी परत आणि पालकांना फोन. दुसऱ्या वेळी पालकांनी यायचं, पण कापूस वेचणीच्या दिवसांत ‘उद्या अकराला या’ म्हणजे एक रोज बुडाला. बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी बोलवा, फोन मात्र तोवर अडवू नका. दंडाचे पैसे घेऊ नका. हात उगारायचा प्रश्नच नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ त्यासाठीच आहे.

फोनचं लॉक उघडायला लावून गॅलरी चाळायची नाही. पोरीचा फोटो फिरतोय अशी तक्रार आली तर ‘पुरावा’ म्हणून तो आपल्या व्हॉट्सॲपवर मागवून घेणं ही सगळ्यात मोठी चूक. अल्पवयीन मुलीचा अश्लील फोटो पुढं पाठवणं हा सरांसाठीही गुन्हाच. फोन बंद करून मुख्याध्यापकांकडे द्या, पालकांना सांगा आणि पोलिसांना कळवा. पोक्सोखालचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा, गुन्हा कळवणं बंधनकारक आहे. मुलीला मदतीसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहेच.

नियम शाळा व्यवस्थापन समितीत मांडून जूनमध्येच पालकसभेत वाचून दाखवा. तपशिलावर आया नेमके प्रश्न विचारतात, ते इतिवृत्तात लिहून घ्या. शाळेचा एक नंबर सगळ्या घरी द्या आणि तो उचलायची जबाबदारी एकाच माणसावर टाका. नाहीतर आजी वारल्याचा निरोप पोरापर्यंत पोचत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धे फोन पुन्हा खिशात.

आणि सरांचं काय? पोषण आहाराची नोंद, हजेरी, सगळं मोबाईलवरच भरावं लागतं, मान्य. ते ऑफिसात भरा. रात्री नऊला ग्रुपवर गृहपाठ टाकणाऱ्या शाळेनं दिवसा फोन नको म्हणणं पोरांना पटत नाही. गृहपाठ फळ्यावर लिहा.