डीटीएस चित्रपटांचा आवाज कुठे अडला होता

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर लिब्रेएलेक ही प्रणाली चढवून कोडी हा चित्रपट-गाणी वाजवणारा प्रोग्राम सुरू केल्यापासून एक अडचण मागे लागली होती. मेनूचा टकटक आवाज येत होता, गाणी नीट वाजत होती. काही चित्रपट लावले की चित्र सुरळीत चाले, पण आवाज अजिबात येत नसे. हा पाय एचडीएमआय केबलने टीव्हीला आणि टीव्ही ऑप्टिकल केबलने ॲम्प्लिफायरला जोडलेला आहे.

पहिली संध्याकाळ मी केबल बदलण्यात घालवली, आणि ती वाया गेली, कारण मेनूचा आवाज त्याच वाटेने येत असल्यामुळे वाट शाबूत असल्याचे आधीच सिद्ध झाले होते. चित्रपट चालू असताना ध्वनीची माहिती पडद्यावर आणून एकेक फाइल तपासली, तेव्हा गप्प राहणारी प्रत्येक फाइल डीटीएसची, म्हणजे अनेक चॅनेलचा ध्वनी दाबून साठवण्याच्या एका पद्धतीची, निघाली.

कोडीत 'पासथ्रू' चालू असले की ध्वनी न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवला जातो. माझ्या ॲम्प्लिफायरला डीटीएस समजते, म्हणून मी पासथ्रूखालच्या डीटीएसच्या पर्यायावर खूण केली होती. मात्र मध्ये बसलेला टीव्ही डीटीएस स्वीकारतच नाही, हे लक्षात घेतले नव्हते. तेवढी एक खूण काढताच आवाज आला, पण केवळ दोन चॅनेलचा, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरपुरता.

याचे कारण ऑप्टिकल जोडणीत आहे. तिच्यातून न दाबलेला पीसीएम ध्वनी दोनच चॅनेलचा जातो : ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ लाख बिट. सहा चॅनेलना याच्या तिप्पट जागा लागेल. डॉल्बी डिजिटल ही दाबण्याची दुसरी पद्धत मात्र सहाही चॅनेल दाबून सेकंदाला जास्तीत जास्त ६,४०,००० बिटांत बसवते, त्यामुळे ते सहज जाते. कोडीत डीटीएस उलगडून पुन्हा डॉल्बी डिजिटलमध्ये बांधण्याची सोय आहे, पण पासथ्रू चालू असून चॅनेलची संख्या २.० ठेवली तरच तो पर्याय दिसतो. मी ५.१, म्हणजे सहा चॅनेल, निवडल्यामुळे तो मला कधी दिसलाच नव्हता. ही निवड उलटी वाटते खरी. तेथील संख्या स्पीकरची नसून वाटेवरून जाणाऱ्या पीसीएम चॅनेलची आहे, असे समजून घेतले की ती पटते.

आता ॲम्प्लिफायरवर डॉल्बी डिजिटलची खूण उमटते आणि मागचे स्पीकर बोलतात. दुसऱ्यांदा दाबल्यामुळे ध्वनीतले थोडे बारकावे जातात, हे मला मान्य आहे. थांबवून पुन्हा सुरू केल्यावर पहिला शब्द गिळला जात असे, तोही ध्वनी-उपकरण सतत जागे ठेवण्याचा पर्याय 'नेहमी'वर नेल्यापासून पूर्ण ऐकू येतो. डॉल्बी ट्रूएचडी या आणखी एका ध्वनी-पद्धतीच्या फायलींसाठीही पासथ्रूची खूण काढून ठेवली असून त्या याच मार्गाने वाजत आहेत.