पन्नाशीनंतर एमएसची शंका आली तर

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते असा आजार. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो. पन्नाशीनंतर तो पहिल्यांदा दिसणं कमी, पण अशक्य नाही. या वयात चुका दोन्ही बाजूंनी होतात. कुणाचं बिघडलेलं चालणं ‘वय झालं’ म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलं जातं, तर कुणाच्या मेंदूच्या एमआरआयमधले पांढरे ठिपके पाहून घाईने एमएसचा शिक्का बसतो. दोन्ही टाळायचं तर तपासण्यांचा क्रम नीट हवा.

तरुणपणी एका डोळ्याला अंधुक दिसणं, डोळा फिरवताना दुखणं आणि काही आठवड्यांत सुधारणा, असं चित्र नेहमीचं असतं. उतारवयात आजार जास्त करून पायांतून बोलतो. थोडं चाललं की एक पाय जड होतो, पाऊल उचललं जात नाही, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. जोडीला लघवीची घाई. हे झटक्याने न येता महिनोन्महिने वाढत जातं, म्हणूनच डोळ्यांत भरत नाही.

लक्षण किती वेळात वाढलं, ही डॉक्टरांना सांगायची सर्वात मोलाची माहिती. काही सेकंदांत किंवा मिनिटांत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात-पाय गळाले किंवा दिसेनासं झालं, तर तो पक्षाघात समजून 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिथे एमएसचा विचार करत बसायचं नाही. एमएसचा झटका काही तासांत ते दिवसांत वाढतो आणि किमान 24 तास टिकतो.

मग इतर कारणं, आणि आपल्याकडे त्यात पहिलं नाव बी-12 चं. शाकाहारी आहार, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, अॅसिडिटीसाठी रोजची पँटोप्राझोल, हे तिन्ही एकाच घरात सर्रास सापडतं. बी-12 कमी पडलं की मज्जारज्जू खराब होतो. पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, मान पुढे वाकवली की पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाते. ही झिणझिणी एमएसमध्येही येते, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही. मात्र ताकदीचं इंजेक्शन घेण्याआधी रक्त द्या. इंजेक्शननंतर आकडा फुगतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. बी-12 मिलिलिटरमागे 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. 200 ते 300 च्या मध्ये असेल तर बी-12 कमी पडल्यावर रक्तात वाढणारं होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक अॅसिड तपासून घ्यावं.

दुसरं कारण मानेत. मणके झिजून मज्जारज्जूवर दाब आला की शर्टाची बटणं लागत नाहीत, अक्षर बदलतं, पाय ताठ होतात. मान दुखतेच असं नाही. अशा वेळी मानेला झटके देणारं मालिश अजिबात नको.

मधुमेहातल्या नसांच्या आजारात दोन्ही तळव्यांपासून बधिरपणा वर चढतो, चप्पल निसटली तरी कळत नाही, आणि घोट्यावर हातोडी मारली तर पाय हलत नाही. मज्जारज्जूच्या आजारात उलट होतं: पाय जास्तच उसळतो, तळव्यावर ओरखडा काढला की अंगठा वर जातो. पाच मिनिटांची ही तपासणी शेकडो रुपयांच्या चाचण्यांना दिशा देते. ती झालीच नसेल तर मी दुसरे न्यूरॉलॉजिस्ट गाठा असंच सांगेन.

एमआरआय फक्त मेंदूचा काढून भागत नाही. मेंदूसोबत मानेचा आणि पाठीचा मज्जारज्जूही बघावा लागतो. चित्र उठून दिसायला शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टसाठी आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी लागते. पेसमेकर असेल तर नोंदणी करतानाच सांगा. रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडीही मागून घ्या, कारण न्यूरॉलॉजिस्टला चित्रं स्वतः पाहायची असतात. रक्तदाब, मधुमेह, मायग्रेन किंवा नुसत्या वयानेही मेंदूत पांढरे ठिपके येतात. मज्जारज्जूत मात्र वयामुळे ठिपके येत नाहीत, म्हणून तिथला एक छोटा डाग मेंदूतल्या दहांपेक्षा जास्त सांगून जातो. एमएसच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मॅकडोनाल्ड निकषांच्या 2024 च्या सुधारणेतही पन्नाशीपुढे जादा पुरावा मागितला आहे, तो याचसाठी. मज्जारज्जूतला डाग तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब असेल तर एनएमओची (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एमएससारखा दिसणारा पण वेगळा आजार) शंका घ्यायची आणि अॅक्वापोरिन-4 अँटिबॉडी तपासायची. हा फरक जिवावर बेतू शकतो: इंटरफेरॉन, फिंगोलिमोड अशी एमएसची काही औषधं एनएमओ बिघडवतात.

पाठीतलं पाणी काढायला लोक फार घाबरतात. सुई कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात. त्यामुळे सुईने मज्जारज्जू दुखावून पाय लुळे पडतील ही भीती धरू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे एमएसमध्ये बहुधा सापडणारे अँटिबॉडींचे पट्टे, तपासायला त्याच वेळी रक्ताचा नमुनाही पाठवावा लागतो. तो राहिला की चाचणी अर्धवट राहते. बँड नाहीत म्हणून एमएस नाही, असं मात्र नसतं.

‘स्टेरॉइड देऊन बघू’ हा मार्ग निदानासाठी वापरू नये. खऱ्या झटक्यात मिथिलप्रेडनिसोलोन रोज 1 ग्रॅम, 3 ते 5 दिवस शिरेतून देतात. त्याने साखर झपाट्याने चढते, आणि दडलेला क्षयरोग उफाळू शकतो. हळूहळू वाढणाऱ्या प्रकारात त्याचा फारसा उपयोगही नाही. त्या प्रकारासाठी ऑक्रेलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध आहे, पण त्याची मुख्य चाचणी 55 पर्यंतच्या रुग्णांवर झाली होती. साठीपुढे फायदा आणि संसर्गाचा धोका यांचा हिशेब डॉक्टरांसोबत बसून मांडावा, आणि सुरुवातीआधी हिपॅटायटिस बी व क्षयरोग तपासावा.

निदान पक्कं झालं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारच्या यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) पोर्टलवर अर्ज करता येतो.

आणि एप्रिल-मेच्या उन्हात किंवा तापात अचानक पाय गळाले, तर नवा झटका समजून लगेच स्टेरॉइड घेऊ नका. उष्णतेने जुनीच लक्षणं तात्पुरती वाढतात. आधी अंग थंड करा, संसर्ग आहे का पाहायला लघवी तपासून घ्या, आणि लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत पाहायला सांगा. वयस्कर पुरुषांत वाढलेला प्रोस्टेटही तिथेच सापडतो.