दम शिल्लक, मांड्या संपलेल्या

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, मी जिचा सराव आखतो त्या धावपटूच्या घड्याळातली नोंद उघडली आणि शेवटच्या उतारावर थांबलो. नाडी १२८, वेग किलोमीटरला ९ मिनिटं. तेवढ्याच तीव्र पहिल्या उतारावर तिने ५:२० ने धाव घेतली होती. दम संपला असता तर नाडी वर दिसली असती. इथे इंजिन निवांत होतं, ब्रेक गेले होते.

शर्यत इंग्लंडमधली फेल रेस, म्हणजे डोंगर चढत-उतरत धावायची शर्यत, 'ए-लाँग' गटातली : ३४ किमी, २,३०० मीटर चढ. या गटात अंतर किमान २० किमी आणि दर किलोमीटरला सरासरी किमान ५० मीटर चढ असावा लागतो. जेवढं चढायचं तेवढंच बहुतेक वेळा उतरायचंही असतं, आणि नेमकं तेच तिच्या सरावात नव्हतं. ती आठवड्याला १,८०० मीटर चढायची, पण डोंगर घरापासून दूर असल्यामुळे बहुतेक ट्रेडमिलवर. मी आकडे तपासत होतो आणि बेरीज बरोबर येत होती. ट्रेडमिलवरून कुणी उतरत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्याची सवय नसेल तर तंतूंना सूक्ष्म इजा होते, गुडघा भार पेलत नाही, आणि मग पुढचा चढही हळू होतो. चांगली गोष्ट अशी की उताराच्या एकदोन हलक्या सत्रांनंतर स्नायू बराच सरावतो आणि तो फायदा काही आठवडे टिकतो.

दुसरी चूक पहिल्याच चढावर. ५६० मीटर तिने ३० मिनिटांत चढले, म्हणजे तासाला १,१२० मीटर. तासभर जीव तोडून चढली तर ती १,१५० पर्यंत जाते. पाच-सहा तासांच्या शर्यतीची सुरुवात या वेगाने करायची नसते. साधारण ९८० ठेवला असता तर चार मिनिटं जास्त लागली असती. शेवटचे ४१० मीटर मात्र तिने तासाला ६०० च्या वेगाने, ४१ मिनिटांत काढले. तिथे ८५० टिकला असता तर बारा मिनिटं वाचली असती. म्हणून मी वेळापत्रक किलोमीटरवर लिहीत नाही, प्रत्येक चढाच्या माथ्यावर लिहितो. पूर्ण वाक्य बोलता येईना की चालायला लागायचं, हात मांड्यांवर. तीव्र चढावर धावणारा आणि नेटाने चालणारा माथ्यावर जवळपास एकत्रच पोचतात.

खाणंही हुकलं होतं : पहिल्या अडीच तासांत दोन एनर्जी जेल (धावताना चोखायची साखरेची पाकिटं), जेमतेम ४५ ग्रॅम कर्बोदकं. तासाला ६० ग्रॅम हवी होती. खडकाळ उतारावर हात तोल सांभाळण्यात गुंततात, म्हणून खायचं ते चालत्या चढावर, दर २५ मिनिटांनी थोडं.

नवा आराखडा असा केला : दर आठ-दहा दिवसांनी गवताळ, १५ ते २० टक्के उतारावर तीन मिनिटांच्या फेऱ्या. पहिल्यांदा तीनच, मग हळूहळू सहा. पावलं छोटी आणि जलद, गुडघा किंचित वाकलेला, नजर तीन-चार मीटर पुढे. मागे झुकून टाच रोवली की प्रत्येक पाऊल ब्रेक बनतं आणि ओल्या गवतावर पाय निसटतोही. शेवटचं जोरकस सत्र शर्यतीच्या दहा ते चौदा दिवस आधी, नंतर नाही.

पहिल्या सत्रानंतर दोन दिवस तिला जिना उतरताना कठड्याचा आधार लागला. तिसऱ्या सत्रानंतर लागला नाही, तेव्हा फेऱ्या चारवर नेल्या.